नीटनेटकी चूक

चौथा पेला नाकाशी नेला आणि बोरोकाला कळलं, ही लोरिंत्सची.

लोरिंत्स वसंतात गेला. त्याच्या हातची ही शेवटची वाइन. समोरच त्याची बायको एटेल्का बसली होती. तिने स्वतःचा पेला अजून उचलला नव्हता. ती बोरोकाच्या तोंडाकडे बघत होती.

"विल्मोशकाकांची," बोरोका म्हणाली.

तिच्या सासऱ्याने, कालमानने, पाटीवर खडूने तसं लिहिलं. एटेल्का टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागली.

नाताळ उलटला की संत योहानाच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये वाइनला आशीर्वाद घ्यायचा आणि दुपारी कालमानच्या स्वयंपाकघरात सहा घरांच्या सहा बाटल्या त्याचेच लोकरीचे मोजे चढवून मांडायच्या, असा टेकडीवरचा रिवाज. कोणती कोणाची, ते ओळखायचं. शेजारच्या विल्मोशने यंदाही आधी विचारून घेतलं होतं की मोजे धुतलेले आहेत ना, नाहीतर सहाही बाटल्यांना कालमानचाच वास यायचा. लग्न होऊन आल्यापासून नऊ वर्षं बोरोका सहाच्या सहा ओळखत आली होती.

यंदा तिला एकही ओळखायची नव्हती.

बुडापेस्टला एका बालवाडीत तिला नोकरी मिळत होती, राहायला वरच दोन खोल्या. नवं वर्ष लागायच्या आत कळवायचं होतं. नवरा, आर्पाद, म्हणाला होता, बाबा हो म्हणाले तर निघू. आणि बाबांचं एकच पालुपद: जानेवारीत पिंपापिंपांतली वाइन एकत्र करायची, माझं नाक आता म्हातारं झालं, हिच्या नाकाशिवाय ते जमायचं नाही. म्हणून महिनाभर बोरोका सांगत आली होती की धाकटी झाल्यापासून मला वासच येत नाही. बायकांचं होतं असं बाळंतपणानंतर, सगळ्यांनी मान डोलावली होती. आज ते फक्त चारचौघांसमोर दिसायला हवं होतं.

धाकटी तिच्या मांडीवर झोपली होती. तिच्या टाळूला दुधाचा उबदार वास येत होता. त्या वासातूनही पाचवा पेला लगेच ओळखू आला: घरचीच, गेल्या जानेवारीत बोरोकाने स्वतः जुळवलेली. तिने ती वरच्या वाडीतल्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर घातली. सहावी विल्मोशची. दरवर्षीसारखीच जुन्या पिंपाची कुबट झाक असलेली.

"ही लोरिंत्सकाकांची."

एटेल्का "असं का" म्हणाली आणि गोळा केलेले कण परत टेबलावरच सोडून दिले.

मोजे उतरले आणि हशा पिकला. विल्मोश तर खुर्चीतच उसळला. सर्दीने बेजार असून त्याच्या दोन बरोबर आल्या होत्या, आणि वर त्याची वाइन लोरिंत्सची म्हणून खपली होती. हे माझ्या थडग्यावर कोरा, तो म्हणाला; मग एटेल्काकडे लक्ष जाऊन गप्प झाला. आर्पाद हसला नाही. गेलंच की गं नाक तुझं, एवढंच पुटपुटला.

कालमानही हसला नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून तो पाटी निरखत होता. त्याने खडू घेतला आणि बोरोकाच्या रकान्यात रेघा ओढल्या. पहिलीचं नाव तिसरीला, तिसरीचं पहिलीला. दुसरीचं पाचवीला, पाचवीचं दुसरीला. चौथीचं सहावीला, सहावीचं चौथीला.

"पोरी," तो म्हणाला, "चुकणारा माणूस इतका नीटनेटका चुकत नाही."

डोक्यात गोंधळ नको म्हणून बोरोकाने जोड्या लावून नावं बदलली होती. तरी उत्तर तयार होतं. "योगायोग असेल, बाबा."

कालमान म्हणाला, असेलही. म्हातारा थकला होता. भांडायचं त्याच्याही मनात नसावं. त्याने पाटी पुसायला फडकं उचललं.

"म्हणजे तू ओळखली होतीस?"

एटेल्का पुढे वाकली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. वाटेत आपलं माणूस कोणाला दिसलं का, असं विचारावं तसं ती विचारत होती. "माझ्या लोरिंत्सची. खरं सांग मला."

फडकं पाटीवर थांबलं. बोरोकाने आर्पादकडे पाहिलं. आर्पाद मान खाली घालून पेल्यात बघत होता, आणि त्याला कुठलं उत्तर हवं आहे ते तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. दोन खोल्या त्याला कधीच नको होत्या.

नाही म्हणायला एकच शब्द लागला असता.

"अक्रोडाच्या झाडाखालची वेलींची ओळ," बोरोका म्हणाली. "पाऊस पडून गेल्यावर तोडलेली. आणि काकू, द्राक्षांचे देठ पुरते काढलेले नाहीत. ते जिभेला लागतात. काकांना तेव्हा दम लागत असणार."

"नाहीच काढले," एटेल्का म्हणाली. "मी ओरडले होते त्याच्यावर."

कालमानने फडकं खाली ठेवलं आणि जानेवारीत तीन राजांचा सण झाला की सोमवारी पिंपं जुळवायला तळघर उघडू, म्हणाला. आर्पाद उठून सगळ्यांचे पेले भरू लागला. एटेल्काने टेबलावरून हात लांब करून बोरोकाचं मनगट धरलं. धाकटी जागी झाली, रडायला लागली, तरी एटेल्काने ते सोडलं नाही.