इंग्लंडला गेलेला माणूस

पडद्यावरची बाई बराच वेळ बटाटे सोलत होती आणि घरातलं कोणीही अजून एक शब्द बोललं नव्हतं.

"यांच्या घरात बोलण्यावर पण रेशन आहे वाटतं," मागच्या रांगेतून पोस्टातली कॉन्सेप्टा कुजबुजली. आजूबाजूचे चारपाच जण हसले.

डिंपनाही हसली. हसायला उशीर झाला की लोकांच्या नजरेत येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

रविवारची दुपार होती. चर्चशेजारच्या हॉलमध्ये सगळा गाव जमला होता. डब्लिनच्या एका बाईनं हा सिनेमा काढला होता, असल्याच एका किनाऱ्यावरच्या घराचा, आणि ती स्वतः तो दाखवायला आली होती. डिंपनाला यायचं नव्हतं. रेडिओवर सिनेमाची गोष्ट ऐकली तेव्हाच तिनं रेडिओ बंद केला होता. नवरा समुद्रात जीव देतो आणि बायको गावाला सांगते, तो इंग्लंडला कामाला गेला. पण न येऊन चालणार नव्हतं. सगळा गाव गेला आणि हीच कशी नाही गेली, असं झालं असतं.

कारण तिनं अगदी हेच केलं होतं. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिला खडकावर तिच्या नवऱ्याचे, थेडीचे कपडे सापडले, नीट घडी घालून ठेवलेले. तिनं ते घरी आणून चुलीत घातले आणि दुपारी दुकानात जाऊन सांगितलं, थेडी इंग्लंडला गेला, कॉव्हेंट्रीत काम मिळालंय. त्यांचा मुलगा काहल तेव्हा पाच वर्षांचा होता. जीव दिलेल्या माणसाबद्दल त्या काळी पाद्री काय बोलायचे, शाळेत पोरं काय बोलायची, ते तिनं ऐकलं होतं. पोराला शिव्या घालायला तरी बाप असावा, एवढाच तिचा विचार होता.

आणि काहलनं शिव्या घातल्या. दर नाताळात जेवणाच्या टेबलावर तो एकदा तरी म्हणायचा, "त्या माणसाला साधं एक कार्ड टाकता येत नाही." ती मान खाली घालून त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढायची.

गावानं सगळं बिनबोभाट मान्य केलं. थेडीचं पत्र आलं का, असं कोणी कधी विचारलं नाही. गावात येणारं एकूण एक पाकीट कॉन्सेप्टाच्या हातून जायचं, पण तीही कधी बोलली नाही. थेडीच्या होडीतला जोडीदार फेस्टी, त्यानं त्याच वर्षी पाठदुखीचं कारण सांगून मासेमारी सोडली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्याआधी तो डिंपनाच्या दारात जळणाची गाडी रिकामी करत आला. डिंपनाला वाटायचं, भोळी माणसं आहेत बिचारी. कॉव्हेंट्रीचं काम संपलं म्हणून तिनं आपल्या गोष्टीत मध्येच थेडीला दुसऱ्या शहरात, लूटनला हलवलं होतं. या सगळ्याचा तिला आता शीण आला होता. पण खोटं थांबवायचं कसं, ते काही तिला सुचत नव्हतं.

ती पडदा कमी आणि माणसंच जास्त बघत होती. आधी खुर्च्या करकरत होत्या, गोळ्यांचे कागद वाजत होते. मग पडद्यावर खडक आला आणि खडकावर घडी घातलेले कपडे. कोणी खोकलंसुद्धा नाही.

पडद्यावरची बाई पोस्टमनला म्हणाली, "तो इंग्लंडला गेलाय."

शेजारी बसलेल्या काहलकडे डिंपनानं बघितलं नाही. त्यानं मान वळवलीच तर डोकं दुखतंय म्हणायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण त्यानं मान वळवली नाही. तो उठला आणि अंधारातच मागे निघून गेला.

संपलं, तिला वाटलं. कळलं त्याला. गावालाही कळलं असणार.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या नाहीत. डब्लिनची बाई पुढे येऊन म्हणाली, "कोणाला काही विचारायचंय? काही सांगायचंय?"

फेस्टी उठला.

"सिनेमात दाखवलंय तसल्या वाऱ्यात कोणी होडी काढत नाही, बाई."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर आहे," फेस्टी म्हणाला. त्यानं टोपी काढली आणि तो दोन रांगांमधल्या वाटेनं पुढे चालू लागला. त्याच्यामागे कॉन्सेप्टा, तिच्यामागे दुकानदार, मग शाळेतले जुने मास्तर. बघता बघता रांग लागली. आपल्याला भेटायला येताहेत असं वाटून डब्लिनच्या बाईनं हसून हात पुढे केला. रांग तिच्या बाजूनं कडेच्या खुर्च्यांकडे वळली.

फेस्टी डिंपनासमोर थांबला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

"तुझ्या दुःखात आम्ही आहोत, पोरी," तो म्हणाला आणि पुढे सरकला.

कॉन्सेप्टानंही तेच केलं, तेच म्हणाली. दुकानदारही. इथे मयताला लोक असेच येतात. एकामागून एक येतात, हात हातात घेतात, हेच एक वाक्य बोलतात आणि पुढच्या माणसाला जागा देतात.

"अगं, पण थेडी लूटनला..." डिंपनानं सुरुवात केली.

"हो गं," बाजूला उभी असलेली कॉन्सेप्टा म्हणाली. "असू दे आता."

रांगेत सगळ्यात शेवटी काहल होता. त्यानंही सगळ्यांसारखाच तिचा हात हातात घेतला, सगळ्यांसारखंच ते वाक्य म्हटलं. हात मात्र सोडला नाही.

"चल, आई. बाबा तेव्हाच, त्याच आठवड्यात फेस्टीकाकाला सापडले होते. कुठे पुरलंय ते मला कधीचं ठाऊक आहे. दाखवतो तुला."