जन्म-मृत्यूची खिडकी

रांग हलायचं नाव घेत नव्हती. तिला त्याचं काही वाटलं नाही. या इमारतीत रांग कधी हलली होती म्हणा. गोऱ्या साहेबांनी टाउन हॉल म्हणून बांधली, ते गेले, नगरपालिका आली. पण जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी काही बदलली नाही. लेकीच्या जन्माची नोंद करायला नवरा इथेच ताटकळला होता आणि घरी येऊन त्यानं कारकुनाच्या नावानं बोटं मोडली होती. आज त्याचीच नोंद करायची होती.

नणंद झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेली होती. जाताना बजावून गेली, "वहिनी, कोण गेलं ते घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कारकून लिहून घेत नाही. दादाच्या बाबतीत ते तुम्हालाच सांगावं लागेल."

तिथंच तर घोडं अडलं होतं. गेल्या आठवड्यापासून ते शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. फोन नणंद घ्यायची, आल्यागेल्याशी लेक बोलायची. ही नुसती बसून, डोळे कोरडे ठक्क. लोक म्हणायचे, धीराची बाई. कसला आलाय धीर. आतून काही वर येतच नव्हतं. खिडकीशी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही तर, एवढीच तिला धास्ती होती.

पुढच्या छत्रीवाल्याच्या अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता.

"बाई, कधीच्या उभ्या आहात," पहारेकरी जवळ येऊन हळूच म्हणाला. "ही माणसं प्लॅस्टरची आहेत. इथं आता म्युझियम झालंय. ऑफिस नव्या इमारतीत गेलं."

तिनं रांगेकडे नीट पाहिलं. तिला हसूसुद्धा आलं नाही.

"तिथं कारकून विचारतो का, कोण गेलं म्हणून?"

"छे हो. सगळं मशीनवर. बटणं दाबायची, कागद बाहेर. कुणाला काही सांगावं लागत नाही."

सुटले बाई, असं तिला वाटायला हवं होतं. पण ती छत्रीवाल्याला वळसा घालून थेट खिडकीशी गेली. पहारेकऱ्यानं अडवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पितळी जाळीमागे प्लॅस्टरचा कारकून टाक धरून बसला होता.

"माझे हे गेले," ती त्याला म्हणाली.

मागे पहारेकऱ्यानं घसा खाकरला. "नाव काय त्यांचं?" त्यानं विचारलं, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.