बारीक अक्षरं

आजही अक्षरं बारीकच उघडली. सुनेने कपाळावर हात मारला.

शिवणाच्या दुकानातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर सकाळी सासूबाई बसत, दुपारी सून. सासूबाई गिऱ्हाइकांची मापं भरत, सून त्यावरून कापायचे नमुने काढी. हा छोटासा प्रोग्रॅम सुनेनेच लिहिला होता. लग्न होऊन आल्यावर तिने केलेलं हे पहिलं काम, तेही खास सासूबाईंसाठी. त्यांना जवळचं धड दिसत नसे, म्हणून अक्षरं हवी तेवढी मोठी करायची सोय ठेवली. बंद करताना जो आकार असेल तो प्रोग्रॅमने लक्षात ठेवायचा आणि उघडताना तोच दाखवायचा. पण रोज दुपारी बघावं तर अक्षरं मुंगीएवढी!

म्हणजे बिचाऱ्या रोज सकाळी डोळे ताणून आधी अक्षरं मोठी करत असणार. आणि तोंडातून चकार शब्द नाही! त्या मुळातच मोजकं बोलत. सुनेला वाटे, या घरात आपण अजून पाहुणीच.

"तुझा प्रोग्रॅम आईला घाबरतो," नवरा हसला.

"तू गप्प बस," म्हणत तिने स्वतः अक्षरं मोठी केली, प्रोग्रॅम बंद करून उघडला. मोठी. पुन्हा तेच केलं. मोठीच. मग सासूबाईंच्याच हाताखाली याला काय होतं? शेवटी ती जाम वैतागली. उघडताना अक्षरं मोठीच दाखवायची, बाकी काही ऐकायचं नाही, अशी ओळच तिने प्रोग्रॅममध्ये लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, तर सासूबाई अजून खुर्चीतच. चेहरा रागाने लालबुंद.

"बिघडवलंस ना!" त्या कडाडल्या. "एक माप राहिलं म्हणून परत उघडलं, तर ही एवढाली अक्षरं! रोज जाताना बारीक करून बंद करते मी. आज ऐकतच नाही मेलं!"

सुनेने विचारलं, "पण आई, बारीक कशाला करता? तुम्हाला दिसत नाही ना?"

"मला कुठे बघायचंय? दुपारी तू बसतेस. अक्षरं मोठी असली की तुझा नमुना पडद्यावर मावत नाही, मग बसतेस मान मोडून घेत. तेवढं दिसतं हो मला!"