शिकागोची खोली

"रंगभूमीला जात नसते," असं मंडळाचे अध्यक्ष देवव्रत यांनी ठासून सांगितलं आणि हजेरीचा कागद फिरवला. त्यात आडनावाचा वेगळा रकाना होता. तो भरल्याशिवाय चालणार नव्हतं.

धम्मदीनाने भरला. शेजारच्या दोघांनी तो वाचला आणि मग कागद पुढे सरकवला.

शहरातल्या माउंट वेलिंग्टन भागातल्या हॉलमध्ये तालीम होती. शनिवारी मराठी मंडळाचा कार्यक्रम: 'अमेरिकन रंगभूमी घडवणाऱ्या, नाना समाजांतल्या नाटककार स्त्रिया'. भाषणं झाली की एक एकांकिका. लेखिका लुएला ब्रीम, अनुवाद धम्मदीना.

लुएला ब्रीम नावाची नाटककार कुठेच नव्हती. जवळच्याच पेनरोजमधल्या आपल्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, धम्मदीनानेच तिला जन्माला घातलं होतं. गेल्या वर्षी हीच एकांकिका तिने स्वतःच्या नावाने दिली होती. त्यात इथल्याच हिल्सबरो उपनगरात खोली शोधणारी एक मराठी मुलगी होती, फोनवर गोड बोलणारी मराठी घरमालकीण होती, आणि "आडनाव काय म्हणालीस?" हा प्रश्न होता. मंडळाने संहिता परत केली. "असलं इथे काही नसतं हो. आपण सगळे किवी आता," देवव्रत म्हणाले होते.

यंदा तिने हिल्सबरोचं शिकागो केलं. मुलगी काळी केली, घरमालकीण गोरी केली, आणि आडनावाऐवजी "कुठल्या चर्चला जातेस?" असं विचारायला लावलं. संहिता पाच मिनिटांत मंजूर झाली. देवव्रतांनी तर लुएला ब्रीम वाचलेलीही निघाली. "फार उशिरा दखल घेतली गेली तिची," ते हळहळले.

घरमालकीण करत होत्या स्नेहलताताई. शेवटच्या वाक्याशी त्या अडल्या.

"धम्मदीना, हे काही बरोबर नाही गं. 'खोली देता येणार नाही' असं तोंडावर कोण म्हणतं? बाई चांगल्या घरातली आहे. ती म्हणेल, 'अगं, आमच्या ह्यांची मावसबहीण यायचीये नेमकी, नाहीतर तुलाच दिली असती बघ!' आणि वर हसेल."

त्या हसून दाखवायलाही विसरल्या नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हिट! अगदी खरं वाटतं," देवव्रत म्हणाले. "लिहून घ्या, धम्मदीना."

तिने लिहून घेतलं नाही. हे वाक्य तिने सहा वर्षांपूर्वी फोनवर ऐकलं होतं, अगदी शब्दशः, वरच्या हसण्यासकट. ते तेवढं तिला लिहवलं नव्हतं. ताईंचा आवाज ओळखीचा का वाटतो, ते आज कळलं.

"ताई, तुमची खोली हिल्सबरोलाच आहे ना?"

"हो, मागच्या बाजूची. का गं?"

"हे नाटक शिकागोचं नाही. तिथलंच आहे. आणि लुएला ब्रीम कुणी नाही. मीच लिहिलंय."

ताईंनी संहितेची पानं उगाच सरळ केली. देवव्रतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे बघा, बाहेर कुणाला कळायचं कारण नाही," ते समजुतीने म्हणाले. "शिकागोच राहू द्या. त्या बाईंचं नावही राहू द्या. इतकं छान बसलंय! तुमचं नाव आहेच की अनुवादाला."

"माझं नाव वर लावा. आणि हिल्सबरो लावा. मग करा."

"तसं कसं करता येईल? लोक दुखावतील."

"कोणते लोक?"

धम्मदीनाने एकेकाच्या हातातून संहिता काढून घेतल्या. "अगं, माझं सगळं पाठ झालंय!" स्नेहलताताई कळवळून म्हणाल्या.

"माहितीये, ताई," धम्मदीना म्हणाली आणि गाडीकडे गेली.

शनिवारचा कार्यक्रम वेळेवर झाला. एकांकिकेच्या जागी देवव्रत अमेरिकेतल्या वर्णभेदावर चाळीस मिनिटं बोलले. प्रश्न कुणालाच नव्हते.