हैदराबादचं भुयार

"घोडे किती होते, आजी?" शिलानं वही मांडीवर घेत विचारलं.

"घोडे न्हवते," भिकाबाई म्हणाली. "पायी आले."

शिला हसली. शिरड शहापूरच्या त्या भागात लहान लेकरालाही ठाऊक होतं की हैदराबादेत चारमिनारखाली भुयार आहे, रझाकारांचे घोडे त्यात शिरायचे आणि थेट औंढ्याच्या डोंगरात वर निघायचे. शाळेत शिकवताना शिलाही पोरांना तेच सांगायची.

मुक्तिदिन दोन दिवसांवर आला होता. भिकाबाईच्या माहेरच्या माणसांची नावं दगडावर कोरून तो चौकात उभा करायचा, असं गावानं ठरवलं होतं. रझाकारांनी दूरच्या गावातलं तिचं घर संपवलं, असं सगळे म्हणायचे. सहा वर्षांच्या तिला शिलाच्या पणज्यानं, रामकिशननं, उचलून आणलं, वाढवलं, पुढं आपल्याच लेकाला करून घेतलं, एवढं गावाला माहीत होतं. मेलेल्यांची नावं मात्र ती कधीच बोलली नव्हती. आज सकाळी आपणहून म्हणाली, सांगते.

"हैदराबाद पडून चार दिस झाले व्हते," तिनं सुरुवात केली.

"पडल्यावर? तोवर रझाकार शरण आले होते. आधी असेल, आजी."

"मग आधी लिही."

शिलानं 'आधी' लिहिलं.

"बाप दारात आडवा झाला. पयली कुऱ्हाड खांद्यावर बसली, तरी पडला न्हाई. हात जोडून म्हणाला, बायालेकरायला जाऊ द्या. दुसरी मानेवर बसली." भिकाबाईचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "थोरल्या भावाला अंगणात ओढून दगडानं ठेचलं. मायनं तान्हीला घेऊन हिरीत उडी टाकली. तर वरून धोंडे टाकत राहिले. आतला आवाज बंद झाला, तवा थांबले."

शिलानं वहीचं पान उलटलं.

"आणि तू?"

"कडब्यामागं. एकानं पेंढ्या उपसल्या. कुऱ्हाड वर केली. मी नुसती बघून राहिले. त्याला काय झालं कुणास ठाऊक, हात खालीच आला न्हाई."

"तेवढ्यात पणजोबा आले."

"तेवढ्यात न्हाई. ते पयल्यापासून तिथंच व्हते."

म्हणजे एकटा माणूस त्या टोळीशी लढला, आणि हे गावाला कुणी सांगितलंच नव्हतं. शिलानं ते ठळक अक्षरात लिहिलं. दगडावर त्यांचंही नाव घ्यावं लागेल, असं तिच्या मनात आलं.

"आता नावं सांग, आजी. आज कारागिराला द्यायचीत."

भिकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बाप शेख महेबूब. माय जैनबबी. भाऊ कासीम. तान्हीचं नाव ठेवायचं राहिलं व्हतं."