कोळशातला हात

वार्डो बंदराजवळच्या बेकरीत पाव भाजणाऱ्या तुरीडने अख्खा हिवाळा एकाच चित्रावर घालवला: तिच्या आईचा उजवा हात. रंगांच्या वाटेला ती कधी गेलीच नाही. सुरकुती फक्त कोळशालाच कळते, असं तिचं म्हणणं. गावच्या प्रदर्शनासाठी तिने ते चित्र दिलं, तर निवड करणाऱ्या फ्रोडेने सगळ्यांदेखत ते टेबलावरून तिच्याकडे परत सरकवलं.

"तुरीड, आमच्या डोळ्यांत धूळ फेकतेस काय गं? हाताला तीनच बोटं! हे तुझं काम नाही, मशीनचं आहे. त्या कॉम्प्युटरला अजून बोटं कुठे मोजता येतात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तुरीडचं डोकंच सणकलं. ती तडक घरी गेली आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन त्याच टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"आई, दाखव ह्याला."

म्हातारीने लोकरीचा हातमोजा ओढून काढला आणि तीन बोटांचा पंजा फ्रोडेच्या कागदांवर दाणकन आपटला.


"बरोबर ओळखलंस, पोरा. मशीनचंच काम आहे हे. तुझ्या आजोबांच्या कारखान्यातल्या, मासे कापायच्या मशीनचं."