आईचा रकाना

पाळणा पुन्हा थांबला. भिंतीच्या पडद्यावरच्या एक्सेल शीटवर लाल अक्षरं उमटली: 'सूत्र गोल फिरतंय.'

बाळ झोपलं की आईने विसावायचं, आईचा श्वास संथ झाला की त्या लयीत पाळण्याने हलायचं, पाळणा हलला की बाळाने झोपायचं. पाळणा आपोआप चालवणारा हा मॅक्रो, शीटमधला छोटा प्रोग्रॅम, मृण्मयीनेच गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात हौसेने लिहिला होता.

"अगं, एक रकाना हाताने भर, सुटेल गाठ," फोनवर तिचा नवरा आल्हाद म्हणाला.

"तुला काय, तू ऑफिसात! माझं ऑफिस इथेच, पाळण्याशेजारी."

रडून लालबुंद झालेल्या बाळाकडे बघत तिने स्वतःच्या रकान्यात भरलं: 'पूर्ण विश्रांती'. पाळणा हलला. बाळ झोपलं. तिने उशीला डोकं टेकलं, तोच भिंत बोलली, "विश्रांती पूर्ण. ऑफिसचं काम उघडत आहे."

"हळू बोल गं बाई," उठून बसत ती भिंतीला म्हणाली, "बाळ जागं होईल."